कसर

जेल रोडवरच्या दुकानात क्लबचा शिपाई
सात चित्रं भिंतीला टेकवून गेला.
लाल कोट, कुंपणं, परक्या देशाचं ओलं हिरवं
आणि घोडे, चारी पाय एकदम ताणलेले.
रशीद टांगेवाला वाकून बघत राहिला.
"ऐसे कोई घोड़ा नहीं दौड़ता, गणपुले साब."

काकांनी मागचा पुठ्ठा उचकला
तर चौथ्यात कोल्हाच नव्हता.
कसरीनं नेमका तेवढाच खाल्लेला,
शेपटीचं पांढरं टोक सोडून.
बावीस कुत्री, अकरा स्वार, एक तुतारी
भोकामागे ऊर फुटेस्तोवर.

खाली तिरप्या अक्षरांत: फुल क्राय.
म्हणजे काय गं, काकांनी विचारलं.
मी तेव्हा सातवीत. म्हटलं, पोटभर रडणं.
ते बराच वेळ एकच काच पुसत होते.

सेक्रेटरींचा निरोप आला,
कसर भरून द्या, रंग जुना वाटू द्या.
विलायती कोल्हा काकांनी कुठे पाहिलेला?
त्यांनी काढलं खोकड,
बिजासनच्या माळावर
सायकल थांबवून एकदा बघितलेलं.
करडं, किडकिडीत, कानांत वारा शिरलेलं.
त्याची शेपटी टोकाला काळी असते.
इथे टोक तेवढं साहेबाचं राहिलं.

मग चष्मा कपाळावर सारून
पुन्हा खाली घेतला,
आणि कुंपणाच्या सावलीत, खोकडाच्या नाकापुढे,
तिळाएवढं काहीतरी काळं टेकवलं.

बिलात लिहिलं: काच, पुठ्ठा, चुका, रंग.
बीळ लिहिलं नाही.