दुसरा मोजा

खाडीचं पाणी उतरतं तेव्हा
आमच्या कास्त्रोतल्या होड्या चिखलात आडव्या होतात,
एका कुशीवर, रंगाचे पोपडे दाखवत.
त्यांना कुणी म्हणत नाही, धीर धर.

मला म्हणतात. रेमिहिओ म्हणतो, त्याचा भाऊ म्हणतो,
बंदरावर लोकर विकणारी ओतिलियासुद्धा:
खमकी बाई तू, एदुलिया.
मी मान हलवते. मान हलवायला काही लागत नाही.

गाठ काढली. केस गेले, परत आले,
आधीपेक्षा कुरळे, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.
आता किरणं. सहा आठवडे वाल्दिव्याला मुक्काम,
बाहेरगावच्या बायकांसाठीच्या घरात,
जिथे सगळ्याजणी चांगल्या वागतात
आणि नळ रात्रभर ठिबकतो.

दुखतं का? शून्य ते दहा?
दोन, मी सांगते. खरंच दोनच.
जे आहे ते दुखत नाही.
बटाटे सोलायला बसते
आणि सुरी हातात धरून अर्धा तास जातो.
घरून फोन येतो, नातीचा दात पडलाय.
इथे हसायचं असतं हे मला ठाऊक असतं,
आणि मी हसते, अगदी वेळेवर.

कागदावर विचारलं होतं: गेल्या दोन आठवड्यांत
किती दिवस कशातच मन लागलं नाही?
'एकही नाही'वर फुली मारली.
उगाच कुणाला कामाला लावा.

एकोणिसाव्या दिवशी यास्ना मला यंत्राखाली
मापात सरकवत होती. तिचे हात नेहमी गार,
आणि ती नेहमी माफी मागते.
म्हणाली, तो करडा मोजा झाला होता ना?
दुसरा कुठवर आला?

दुसरा.
सुरूच केला नाही, म्हणाले.
म्हणाले, सुया पिशवीतून काढवत नाहीत.
म्हणाले, सकाळी डोळे उघडतात
आणि वाटतं, अरे, पुन्हा.

किरणांना छाती स्थिर लागते.
माझी राहीना.
यंत्र थांबलं. बाहेर तिघीजणी ताटकळल्या.
नंतर तिने तोच कागद शोधून आणला,
जुनी फुली खोडली नाही,
शेजारी नवी मारायला पेन माझ्याकडे दिलं.

आता गुरुवारी एक बाई माझं ऐकते,
रात्री एक बारीकशी गोळी असते.
फरक विचारू नका अजून.
भरती आली म्हणून होडी लगेच उठत नाही,
बराच वेळ नुसता चिखल चकाकतो.

काल सुया बाहेर काढल्या.
टाके घातले नाहीत.
पहिल्या मोज्यावरचे मोजले फक्त.
साठ लागतील.