कोणत्याच पट्टीत नसलेला

ब्रोकन हिलमध्ये रस्त्यांना माणसांची नावं कमी.
क्लोराइड, ऑक्साइड, ब्रोमाइड...
गाडी वळवताना वाटतं,
शाळेतली प्रयोगशाळाच कुणी वाळवंटात उपडी केलीय.

दोन वर्षांतून एकदा मी येते मिल्ड्युराहून,
तीनशे किलोमीटर, मागच्या सीटवर हत्यारांची पेटी,
आणि सुरात आणते उरलेसुरले पियानो:
चर्चमधला, क्लबातला,
आणि एका खानावळीतला, ज्याच्यावर आता
सॉसच्या बाटल्या मांडलेल्या असतात.
इथली हवा लाकूड पिते.
म्हणून प्रत्येक पियानोच्या पोटात
पाण्याचा वाडगा ठेवायचा असतो;
मी आधी वाडगा बघते, मग माणसांची विचारपूस.

या वेळी यादीत नवं नाव. नोरीन पेनहेल.
पत्र्याचं घर, मागे खाणीचा काळा ढिगारा
इतका जवळ, की वाळत घातलेले कपडे त्याच्या सावलीत.
पियानोत वाडगा नव्हता.
“वाजवत कोणी नाही,” ती म्हणाली,
“पण क्लेमच्या बाजाशी जुळव.”

क्लेमचा बाजा म्हणजे युफोनियम,
खाणकामगारांच्या बँडमधला,
बोटं टेकायची तिथे चांदीचा मुलामा जाऊन
पितळ उघडं पडलेलं.
एकतीस वर्षं जमिनीखाली ड्रिल,
रविवारी बागेत खर्ज.
शेवटी शेवटी दमसास इतका तुटका
की एका ओळीत तीनदा श्वास घ्यायचा,
आणि बँडमास्तर नेमक्या त्याच जागी
झांजा वाजवून घ्यायचा.
(नोरीनला हे माहीत होतं.
क्लेमला नव्हतं, असं तिला वाटतं.)

नात टीगन, अकरा वर्षांची, फुंकून दाखवते.
मी पियानोवर तो सूर शोधते.
काळी पट्टी: खाली.
शेजारची पांढरी: वर.
दोघींच्या मधल्या फटीत कुठेतरी उभा आहे तो,
जिथे बोट ठेवायला जागाच नाही.
जुने बँड चढे असायचे, मी समजावते,
पुढे जग खाली उतरलं, हा बाजा उतरला नाही.
म्हणूनच तर शाळेच्या बँडमध्ये टीगनला
मागे बसवतात,
फुंकल्याचं नाटक कर म्हणतात.
“नळी कापून जोड देता येईल,
बोटभर तांब्याचा तुकडा.”
नोरीन बघते माझ्याकडे,
जशी बघितली असेल डॉक्टरकडे.

“मग पियानोच चढव.”

ऐंशी वर्षांच्या तारा. सगळ्या ताणल्या
तर पियानो अंगावर येईल, मी म्हणते.
एक सूर. फक्त एक.

एका सुराच्या तारा तीन.
पहिली तुटली, किल्ली अजून पुरती फिरलीही नव्हती,
गालाला चाटून गेली.
दुसरी तुटायच्या आधी कण्हली.
तिसरीशी मी काही बोलले नाही.
केसभर फिरवायची, थांबायचं.
केसभर.
स्वयंपाकघरात किटली ओरडत होती,
उठलं कोणी नाही.

राहिली.

नोरीनने बूट काढला,
पावलाने पेडल दाबून धरलं.
टीगन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फ्रिजपाशी,
गाल फुगवून.
सूर सुटला, थांबला,
आणि पियानोला कोणाचा हात न लागता
आतली ती एकच तार बोलत राहिली
जरा वेळ.
फार नाही.

“परत,” नोरीन म्हणाली.

पावणेसातला जमिनीखाली सुरुंग उडाले.
कपबशा हलल्या,
आणि दोनशेवर तारांनी एकदम हुंकार भरला:
नोरीनचं पाऊल अजून पेडलवरच होतं.

बिलात मी लिहिलं: एक सूर. दोन तारा वजा.
वाडगा तिने लग्नाच्या सेटमधला काढला, निळ्या काठाचा.
पाणी टीगनने आणलं, काठोकाठ भरून,
आणि निम्मं गालिच्यावर.