शेवटच्या गाडीचा कागद

डेझ्मंड एन्ट्विसलच्या खिशात एक किल्ली असते,
तिकोनी तोंडाची, करंगळीएवढी.
तिने बसथांब्यावरची काचेची चौकट उघडते.
अडतीस वर्षं तो हेच करत आला:
जुना कागद काढायचा, नवा लावायचा,
काच पुसायची, शिडी व्हॅनमध्ये टाकायची.

कंपन्या किती आल्या ते त्याने मोजलं नाही.
लाल गाड्यांची गेली, जांभळ्या पट्ट्यांची आली,
मग दोन भावांनी सहलीच्या जुन्या गाड्या आणल्या,
आणि सकाळी आठला रेव्हन्सक्लिफच्या चढावर
तीन मालकांच्या तीन बस
एकाच म्हातारीसाठी शर्यत लावायच्या.
रात्री आठला म्हातारी तिथेच उभी.
बस एकही नाही.
एकीचा पास दुसरीला चालायचा नाही.
रस्ता गावाचा, थांबा गावाचा,
थांब्यावरचं गळकं छप्परसुद्धा गावाचं,
बस मात्र ज्याची त्याची.
नफ्याच्या वाटेला मालक सतरा,
तोट्याच्या वाटेला वाली कुणी नाही.

'कागद लावणाऱ्याने कागद वाचू नये,'
मुकादमाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
त्याने ते पाळलं.
मोडलं एकदाच, एका नोव्हेंबरात.
चारशे चौदा नंबर, रेव्हन्सक्लिफ ते इस्पितळ.
संध्याकाळच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा.
परतीची शेवटची गाडी: सात पाच.

इस्पितळात भेटीची वेळ आठपर्यंत होती.
नोरीन तेव्हा सहाव्या वॉर्डात, खिडकीकडेची खाट.
व्हॅन कंपनीची, ती रात्री डेपोत.

त्याने कागद लावला.
कोपरे अंगठ्याने दाबले.
आणि मग रोज पावणेसातला
तिच्या हातातून हात सोडवून उठू लागला,
स्वतःच लावलेल्या कागदाबरहुकूम.
'ही वेळ ठरवली कुणी रे?' तिने एकदा विचारलं.
'माहीत नाही,' तो म्हणाला. ते खरंच होतं.
त्याने फोन करून पाहिले होते.
कंपनी म्हणाली, परवडत नाही.
नगरपालिका म्हणाली, आमच्या हातात नाही.
कंपनीला परत लावला, तर तिथे एक गाणं वाजत राहिलं.

आता नगरपालिकेची टॅम्सिन त्याला समजावते,
वय चोवीस, मफलर लांबच लांब:
'गाड्या कंपनीच चालवणार,
पण मार्ग आपण आखायचा, वेळ आपली, भाडं आपलं.
त्यांनी आपल्या कंत्राटात राहायचं.'
'म्हणजे चालक तेच?'
'तेच.'
'आणि बस?'
'बऱ्याचशा त्याच. रंग नवा.'
डेझ्मंडने एका बसच्या मडगार्डवर नख ओढलं.
पिवळ्याखाली जांभळं, जांभळ्याखाली लाल.
तो काही बोलला नाही.

शनिवारी रात्रभर त्याने चौऱ्याऐंशी चौकटी उघडल्या.
इस्पितळाचा थांबा शेवटचा ठेवला.
तिथे टॉर्च दातांत धरून
तो पहिल्या ओळीपासून सगळं वाचत गेला,
शाळेतल्या मुलासारखं, ओठ हलवत.
आठ दहा. नऊ दहा. दहा चाळीस.
खाली बारीक अक्षरांत: तक्रार इथे करा.

पहिल्या दिवशी पहिलीच बस अकरा मिनिटं उशिरा आली.
मिसेस ऑल्डरॉइडनी तो नंबर फिरवला
आणि त्या अकरा मिनिटांसाठी
पस्तीस वर्षांचं तुंबलेलं बोलून घेतलं.
पलीकडे कुणीतरी ऐकत होतं.
फोन ठेवल्यावर त्यांनी चहा केला,
आणि गुणगुणतच कप विसळले म्हणतात.

त्या रात्री दहा चाळीसच्या गाडीत
डेझ्मंड एकटाच चढला.
काचांवर धुकं, हीटरचा उग्र वास,
मागे फिरत्या दाराआड सहावा वॉर्ड,
खिडकीकडेच्या खाटेवर आता भलतंच कुणी.
चालकाने आरशातून विचारलं,
'कुणाला भेटून आलात?'
'नाही,' तो म्हणाला,
'गाडी येते का ते बघत होतो.'