चार आणि सात यांच्या मध्ये

आमच्याकडे गुणांची शिडी अशी:
उणे तीन, शून्य, दोन, चार,
मग सात, दहा, बारा.
मधल्या पायऱ्या कुणी काढून नेल्या
ते डेन्मार्कात कुणी विचारत नाही.

नोव्हेंबर. थ्युबोरोनच्या शाळेत
दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात.
मी नववीला कागद वाटले:
आपला गुण आपणच लिहा,
आणि का, ते एका ओळीत.

आल्बर्टेनं लिहिलं बारा. "कारण नेहमी बाराच असतात."
विगोनं उणे तीन, खाली एक हसरा मासा.
आस्गरनं लिहिलं
साडेपाच.

"असा गुण नसतो रे," मी म्हटलं.
तो उठला, फळ्यावर संख्यारेषा ओढली,
चार आणि सातच्या बरोब्बर मध्ये
मार्करनं ठिपका टेकवला.
"तुम्हीच शिकवलंत ना,
कुठल्याही दोन संख्यांच्या मध्ये
एक तरी संख्या असतेच म्हणून."

वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.

त्याच्या कागदावरची ओळ मी घरी येऊन वाचली:
"समीकरणं सुटतात.
तुम्ही शेजारी येऊन उभ्या राहिलात
की हातचा विसरतो."

माझ्या वहीत त्याच्या नावापुढे
सप्टेंबरपासून चार होते. पेन्सिलीनं,
पण खोडायला म्हणून नव्हे.

त्याचा बाप धक्क्यावर मासळी तोलतो.
मी पाहिलंय: पेटी ठेवली की काटा थरथरतो,
तो स्थिर होईपर्यंत
बाप तोंडातून अक्षर काढत नाही,
गिऱ्हाईक कितीही घाईत असो.
मी मात्र काटा हलत असतानाच
आकडा वाचून मोकळी होत आले,
एकवीस वर्षं.

रात्री संगणकाच्या चौकटीत साडेपाच भरून पाहिले.
लाल अक्षरांत उत्तर आलं: अमान्य.
पुन्हा भरले. पुन्हा अमान्य.
मग सात लिहिले.
वरचे दीड मी उसने दिले,
की त्याचेच होते आणि मी दाबून ठेवले होते,
हे उदाहरण अजून सुटलेलं नाही.

आज तो समीकरण सोडवत होता
तेव्हा मी खिडकीशी जाऊन
समुद्राकडे तोंड करून उभी राहिले.
काचेत तो दिसत होताच म्हणा.
मान खाली, ओठ हलताहेत,
आणि डाव्या हाताचं एक बोट
दुमडून घट्ट धरलेलं.