चोडणची बोट, भाग चौथा

पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय,
कारण मुखपृष्ठावर त्याची छाती उघडी आहे
आणि फेरीबोटीत समोर उभे असतात हेडमास्तर बोरकार.
सातशे बारा पानं. रायबंदर ते चोडण
दहा मिनिटं, वारा असला तर बारा.
तेवढ्यात तो फार तर एक हातमोजा काढतो.

पहिला भाग अर्मिंदानं दिला, काउंटरखालून,
घरच्या फेणीची बाटली द्यावी तसा, गुंडाळून.
‘आगो, परी म्हणू नकोस त्यांना.
पंखवाल्या, फ्रॉकवाल्या त्या वेगळ्या.
हे फे. हे चावतात.’
अर्मिंदाच्या गुडघ्याला पट्टा आहे,
निवृत्तीला सतरा महिने.

दिवसभर आम्ही दोघी दस्त नोंदवतो.
भाऊ बहिणीला सांगतो, तू नुसती सही कर, बाकी मी बघतो.
ती करते. आम्ही शिक्का मारतो.
अंगठ्याची शाई पुसायला तिला कापूस देतो.

आणि पान एकशे चाळीसवर हा उभा,
ज्याला खोटं बोलता येत नाही.
बोलायचं नाही असं नव्हे,
येतच नाही, जीभ भाजते.
पाचशे वर्षांचा आहे, राजवाडा आहे,
शिंगंही आहेत, सुबक,
आणि उंबऱ्यावर थांबून विचारतो:
येऊ का?

इथे अर्मिंदा पुस्तक मिटते
आणि पंख्याखाली नुसती बसून राहते.

लोकांना वाटतं आम्ही ‘त्या’ पानांसाठी वाचतो.
त्या पानांसाठीही वाचतो.
तिसऱ्या भागात, धबधब्यामागच्या गुहेत,
मी उतरायची विसरले,
बोट मला घेऊनच परत रायबंदरला गेली.
पण खरी मेख त्या ‘का’मध्ये आहे.

तसा आमच्याकडेही एक आहे.
मानशीवरचा देवचार. खाजनाचा बांध राखतो,
रात्रभर काठी टेकत फिरतो, चपला झिजवतो.
सासूबाई त्याला रोट ठेवतात, विडी ठेवतात,
आणि नवा जोड, नऊ नंबरचा.
नऊच कशावरून, मी विचारलं.
मग विचारलं, दिसतो कसा?
सत्तर वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.
पदर सारखा केला.
‘उंच,’ म्हणाल्या.
बस. उंच.

फेंना आपलं नाव सांगायचं नसतं,
सांगितलं की तुम्ही त्यांचे.
माझं तर लग्नात तांदळाखाली गेलं.
अंगठीनं वर दुसरं लिहिलं, पेढे वाटले.
नवरा वाईट नाही, वीजखात्यात आहे.
रात्री विचारतो, पंखा तीनवर की चारवर?
तेवढंच विचारतो. पण रोज विचारतो,
हे लिहायला हवं.

चौथ्या भागात ती त्याला आपलं नाव देते.
पान सहाशे ऐंशी.
‘वेडी!’ मी ओरडले, भर बोटीत.
कव्हर कोपऱ्यात फाटलेलं, एक शिंग बाहेर.
हेडमास्तर पाण्याकडे बघत म्हणाले,
‘आमच्या घरी दुसरा चालू आहे.
पुढचं सांगू नका.’

अवसेला सासूबाईंची कंबर धरली,
म्हणून चपला घेऊन मी गेले.
ओहोटी लागली होती, मानशीतून पाणी
दणदणत बाहेर पडत होतं.
त्या आवाजात माझं पहिलं नाव एकदा उच्चारून पाहिलं,
तोंडात अजून बसतं का.
बसतं.
लगेच परत घेतलं.
बांध राख, म्हटलं त्याला, हे मी राखते.
आणि तुम्हालाही सांगणार नाही.

पाचवा भाग मार्चमध्ये येतोय.
अर्मिंदानं दोन सांगून ठेवलेत.

घरी आले तर सासूबाई अंथरुणातून,
‘जुन्या झिजल्या होत्या?’
‘डाव्या टाचेला,’ म्हटलं.
त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं,
पण कान हसताना दिसले.