नाव दाखल करण्याचा अर्ज

खंडेराव मार्केटच्या पायरीशी झेंडूचे ढीग,
आत जन्म आणि मरण दोन्हींची एकच खिडकी.
पावणेअकराला नंबर लावला.
ती तिकडे ब्राउनश्वाइगला अजून झोपेत असेल.

परमारभाईंनी रजिस्टर उघडलं,
सत्त्याण्णव सालचं, कडा उंदरांनी वाचून संपवलेल्या.
'काका, नामनी एन्ट्री ज नथी.'
जमनाबाई दवाखाना. मुलगी. दोन किलो सहाशे.
आई शैलजा, बाप दिगंबर,
आणि तिच्या रकान्यात एक आडवी रेघ,
निळ्या शाईची, घाईत ओढलेली.

म्हणजे इतकी वर्षं
सुरसागरच्या कठड्याला सायकल ठोकणारी,
गणितात रडणारी, मग गणितावरच निघून गेलेली,
ती रेघच?

तिचंही तिकडे असंच चाललंय.
पत्ता नोंदवल्याशिवाय बँकेत खातं नाही,
खात्याशिवाय कुणी घर देत नाही,
घर नाही तर पत्ता कसला नोंदवणार.
तीन आठवडे एका श्रीलंकन बाईच्या सोफ्यावर झोपते
आणि मी विचारलं की म्हणते, 'मजामां.'
खरंच बरं असलं की ती मराठीत सांगते.

आता त्यांना जन्मदाखला हवा,
नावासकट, शिक्क्यासकट,
आणि तो शिक्का खरा आहे असं सांगणारा
दुसरा शिक्का.

कोठीच्या नाक्यावर नोटरीनं लिहून घेतलं:
मी, दिगंबर मोहोळकर, प्रतिज्ञेवर सांगतो की
सदर मुलगी माझीच.
पन्नासचा स्टॅम्प. सही. अंगठासुद्धा, असू द्या म्हणाला.

स्पेलिंग?
घरी ती कृत्तिका, शाळेत क्रुतिका,
पासपोर्टवाल्यानं 'रु'ची 'रि' केली.
परमारभाई की-बोर्डवर बोट धरून थांबलेले.
ऋ नावाचं अक्षर
जगातल्या कुठल्याच खिडकीला माहीत नाही.
'पासपोर्टमां जेम छे तेम,' मी म्हटलं,
माझ्याच मुलीचं नाव
परक्या माणसाच्या चुकीप्रमाणे.

तेव्हा आत्यानं कानात कुर्र केलं होतं,
घुगऱ्या वाटल्या होत्या.
आज साक्षीदार दोन पाहिजेत:
एक आमच्या सोसायटीतले सुर्वे, पोस्टातून निवृत्त,
दुसरे येतो म्हणाले आणि आले नाहीत.
म्हणून खालचा फुलवाला वर आला, उस्मानभाई,
ओले हात सदऱ्याला पुसत.
सही करता करता विचारलं, 'दीकरी क्यां छे?'
जर्मनी, म्हटलं.
'त्यां फूल मळे?'

मला माहीत नव्हतं.
रात्री तिला विचारलं.
मिळतात म्हणाली, दुकानात, गल्ल्याजवळ, बादलीत.
मग थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प,
महागडं गप्प बसणं पूर्वी असायचं तसं नव्हे,
फुकटातलं, लांबलचक.

दाखला गेला. घर मिळालं. एक खोली, खिडकीत रेल्वेचे रूळ.
पत्रपेटीवर आधीच्या भाडेकरूच्या नावावर पट्टी चिकटवून
मोहोळकर.

परवा तिचा फोन, हसू आवरत नव्हतं.
पासपोर्टात तिच्या नावाला चिकटलेला मी
तिथल्या कुठल्याशा कॉम्प्युटरनं सोडवून वेगळा काढला.
रेडिओच्या कराचं पत्र आलंय,
श्रीयुत दिगंबर यांस, सप्रेम नव्हे, सक्त ताकीद:
आपण या पत्त्यावर राहता, आजवर काहीच भरलेलं नाही.

ना व्हिसा, ना रांग, ना साक्षीदार,
रावपुऱ्याच्या पुढे सहसा न गेलेला मी
तिच्या खोलीत राहायलाही लागलो.

'उद्याच चूक दुरुस्त करून घेते, बाबा.'
करशील गं, म्हटलं.
चार दिवस राहू दे.