दार

अकरा तारखेला ओगुटू आला,
हातात स्क्रूड्रायव्हर, कानामागे पेन्सिल.
न्यालेंडात भाडं थकलं की
कुलूप लावत नाहीत,
दारच काढून नेतात.

मी गणवेश शिवत होते,
मागच्याच गणवेशांचे पैसे शाळेकडे अडकलेले.
"सोमवारी देते."
"कुठल्या?" त्यानं विचारलं.
प्रश्न काही चुकीचा नव्हता.

तीन बिजागऱ्या, बारा स्क्रू.
एकेक खिशात टाकला त्यानं, मोजून.
मग दार पाठीवर घ्यायला वाकला
आणि वाकलेलाच राहिला.
कंबर.

आता काय करणार?
दुसरं टोक मी धरलं.
गल्लीतून निघालो दोघं, दार आडवं,
आजारी माणसाला न्यावं तसं.
टोपलीतले मासे झाकत अकेयोनं विचारलं,
"कोण गेलं?"
ओगुटू हसला. मीही. मग मला राग आला.

त्याच्या अंगणात आधीचीच सात दारं
भिंतीला टेकलेली.
आमचं निळं, कडेला रेघा,
दर वाढदिवसाला पोराच्या उंचीच्या.

बारा रात्री चौकटीत लेसो टांगला.
सरोवरावरचा वारा आत,
शेजारची कोंबडी आत,
आणि झोप बाहेर.

तेविसाव्या दिवशी फोनवरून पैसे गेले.
संध्याकाळी दार आलं, पुतण्याच्या डोक्यावर.
ओगुटूनं स्वतः बसवलं.
अकरा स्क्रू.
"बारावा?"
"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला, खिसा थोपटत.

दार बोटभर खाली बसलंय.
पोरगा रेघांना टेकून उभा राहतो,
म्हणतो, बघ आई,
मी वाढलो.